सहा महिने रोज चालते, तरी वजन का हलत नाही?

ठाण्यातल्या वसंत विहारच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. नोकरी नरिमन पॉइंटला. गेले सहा महिने आठवड्यातले पाच दिवस पहाटे उपवन तलावाला तासभर चालतात. सुरुवात केली तेव्हा वजन ७३ होतं. साखर बंद करून गूळ आणि मध सुरू केलंय, बाहेरचं खाणं रविवारच्या मिसळीपुरतं. मिस्टर म्हणतात, जोरात चाल, जमलं तर पळ. मैत्रीण म्हणते, चाळिशीनंतर मेटाबॉलिझमच मंदावतो, त्याला इलाज नाही. सोबत त्यांनी आपला दिनक्रम आणि खाणंपिणं एका वहीत तपशिलात लिहून पाठवलंय. शेवटी विचारलंय, 'वजन उतरणारच नसेल तर पहाटे सव्वापाचला उठायचं कशासाठी?'

ताई, चालणं सोडू नका. नौपाड्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, की काट्यावर फरक दिसला नाही म्हणून माणसं चांगली लागलेली सवय मोडतात. तुमच्या चालण्यात काही चुकलेलं नाही. फक्त वजन उतरवण्याचं अख्खं काम तुम्ही त्या एका तासावर टाकलंय, आणि ते त्याला पेलणारं नाही. का, ते तुमच्याच दिनक्रमावरून सांगते.

आधी साधा हिशेब करू. उपवनला चालणाऱ्या बहुतेकांचा वेग तासाला चार-साडेचार किलोमीटर असतो. ७२ किलोच्या माणसाने या वेगाने तासभर चालल्यावर घड्याळ किंवा मोबाइलमधलं ॲप अडीचशेच्या आसपास कॅलरी दाखवतं. पण त्यात तुम्ही तो तास घरी नुसत्या बसून राहिला असतात तरी ज्या कॅलरी खर्च झाल्याच असत्या, त्याही मोजलेल्या असतात. त्या वजा केल्या की चालण्याचा म्हणून जो जादा खर्च उरतो तो दीडशे ते पावणेदोनशे. पाच दिवसांचे झाले आठशेच्या आसपास. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे बाकी काहीही बदललं नाही असं धरलं तरी एक किलो उतरायला साडेनऊ-दहा आठवडे लागतात. सहा महिन्यांत कागदावर होतात अडीच-पावणेतीन किलो. तुमचा उतरला एक. म्हणजे आपल्याला शोधायचाय तो उरलेला दीड-पावणेदोन किलो. रोज तास चालून पाच-सात किलो उतरतील अशी अपेक्षा होती, म्हणून एक किलो बघून मन खट्टू झालं. ती अपेक्षाच कोणीतरी चुकीची लावून दिली होती.

आता तुमची वही. पावणेसहाला कोमट पाण्यात लिंबू आणि एक मोठा चमचा मध. चालून आल्यावर एक केळं, आठ बदाम, मग चहा. पावणेआठला पोहे, आणि सव्वाआठला घराबाहेर. एक मोठा चमचा मध म्हणजे साठ कॅलरी. केळं नव्वद-शंभर. आठ बदाम पंचावन्न-साठ. बेरीज दोनशेच्या वर गेली, आणि अजून चहा-पोहे व्हायचे आहेत. पहाटेच्या चालण्यात जे कमावलं ते साडेसातच्या आत परत फिटलं. यातला एकही पदार्थ वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगते. केळं चांगलं, बदाम चांगले. पण सहा महिन्यांपूर्वी तुम्ही हे खात होतात का? बहुधा नसाल. चालायला लागल्यावर 'आता शरीराला काहीतरी चांगलं द्यायला हवं' म्हणून हे सुरू झालं असणार. जवळजवळ प्रत्येक घरात असंच होतं. पौष्टिक पदार्थातही कॅलरी असतातच, आणि सुकामेव्यात तर भरपूर. गुळाचंही तेच. साखरेच्या जागी तितकाच गूळ घातला तर कॅलरीत सांगण्यासारखा फरक पडत नाही. उलट 'गूळच तर आहे' म्हणून हात सैल सुटतो.

रविवारी ग्रुपबरोबर मामलेदारची मिसळ खाता, ते बंद करा असं मी सांगणार नाही. ठाण्यात राहून तसं सांगणं मला पटतही नाही. त्या दिवशी तेवढाच नाश्ता समजा, घरी येऊन पुन्हा उपमा नको, आणि जादा पावाला नाही म्हणा.

हे नुसतं तुमच्याच बाबतीत होतं असं नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. 'आम्ही अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही' अशी तक्रार असलेल्या लोकांचं प्रत्यक्ष खाणं आणि प्रत्यक्ष हालचाल मोजली. त्यांनी लिहिलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा जवळपास निम्मं होतं, आणि व्यायाम प्रत्यक्षाच्या दीडपट. त्यांचा चयापचय (मेटाबॉलिझम) मात्र ठीकच निघाला. ही माणसं खोटारडी नव्हती. स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलांच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी, भांडं घासायला टाकण्याआधी संपवलेली दोन चमचे खीर, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. तुमच्या वहीतही ते नाही. घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या वहीत ते नसतंच.

दुसरी गोष्ट शरीर स्वतःच करतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रजोनिवृत्ती झालेल्या, वजन जास्त असलेल्या आणि बैठी कामं करणाऱ्या साडेचारशेहून जास्त बायकांना तीन गटांत व्यायाम दिला होता, कमी, मध्यम आणि भरपूर, आणि एक गट बिनव्यायामाचा. सहा महिन्यांनी कमी आणि मध्यम गटाचं वजन हिशेबाप्रमाणे उतरलं. सगळ्यात जास्त व्यायाम करणाऱ्या गटाचं मात्र हिशेबाच्या निम्म्याहून थोडंच जास्त. व्यायाम वाढला तशी भरपाईही वाढली. पण एक गोष्ट नीट वाचा: कंबरेचा घेर व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांत कमी झाला होता.

ही भरपाई होते कुठे? काही खाण्यातून, काही बाकीच्या दिवसातली हालचाल कमी करून. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सोळा जणांना आठ आठवडे रोज एक हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी अर्ध्या किलोनेही वाढली नाही, कुणाची चार किलोच्या वर गेली. फरक पडला तो व्यायामाने नव्हे, तर दिवसभराच्या बारीकसारीक हालचालीने: उठबस, चुळबुळ, उभं राहणं, इकडून तिकडे जाणं. पहाटे तास चालून आलेला माणूस दिवसभर ही हालचाल नकळत कमी करतो. तुमच्या वहीत 'स्टेशनला रिक्षा', 'सीएसएमटीवरून बस', 'शनिवारी दुपारी झोप' आणि 'लादी पुसायला बाई लावली' हे चारही आहे. सहा महिन्यांपूर्वी यातलं काय काय होतं ते आठवून बघा. शनिवारची झोप मी काढून घेणार नाही, तिचं कारण वेगळं आहे आणि त्याकडे येते.

याहून चक्रावणारी गोष्ट अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पॉन्टझर यांनी २०१२ मध्ये मांडली. टांझानियातले हाडझा लोक अजून शिकार आणि कंदमुळं गोळा करून जगतात, दिवसभर चालतात. त्यांचा रोजचा एकूण ऊर्जाखर्च मोजला तर, शरीराचं आकारमान लक्षात घेता, तो अमेरिका-युरोपातल्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसांपेक्षा जास्त निघाला नाही. हालचाल खूप वाढली की शरीर दुसरीकडचा खर्च आवरतं, असा पॉन्टझर यांचा निष्कर्ष आहे. तो किती प्रमाणात लागू होतो यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण व्यायामाच्या कॅलरी एकास एक अशा वजनातून वजा होत नाहीत, एवढं मी रोज समोर बघते.

मग भूक? त्याचं उत्तर आपल्याच देशातलं आहे. १९५६ मध्ये आहारशास्त्रज्ञ ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतल्या कामगारांचा आहार आणि वजन तपासलं. जड काम करणारे जास्त खात होते, हलकं काम करणारे कमी, इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण अगदीच बसून काम करणारे, म्हणजे कारकून आणि देखरेखवाले, हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनदारही होते. थोडी हालचाल असेल तर भूक ताब्यात राहते, अजिबात नसेल तर ती भरकटते. म्हणून तुम्ही चालणं थांबवलंत तर खाणं आपोआप कमी होईल असं समजू नका. होईल उलटंच.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण बहुतेक घरांत खरा प्रश्न इथे सापडतो. माझ्या टेबलावर स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा असतो. येणाऱ्या बायकांना मी वाटी आणि तेलाची कावळी देते आणि सांगते, चार माणसांच्या भाजीला घालता तेवढं तेल ओता. हात अगदी सराईत असतो, धार पडते आणि थांबते, 'एवढंच तर घालते हो' म्हणतात. काट्यावर चाळीस, पंचेचाळीस, कधी पन्नास ग्रॅम येतात. म्हणजे एका भाजीतून माणशी अकरा-बारा ग्रॅम, शंभर कॅलरी. मग आमटीची फोडणी वेगळी, कणकेतलं मोहन वेगळं, पोळीला लावलेलं तूप वेगळं, पोह्यांचं वेगळं. तुमच्या घरी महिन्याला किती तेल येतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण चार माणसांत पाच लिटरचा डबा येत असेल तर माणशी रोज सदतीस-अडतीस ग्रॅम तेल पोटात जातं. त्यात तीनशे चाळीस कॅलरी नुसत्या तेलाच्या. वर तूप, खोबरं, दाण्याचं कूट वेगळंच. डबा पाच लिटरऐवजी तीन लिटरचा झाला तर माणशी रोज एकशे तीस-पस्तीस कॅलरी कमी होतात, सातही दिवस, घरातल्या चौघांच्याही. तुमच्या चालण्याच्या जवळपास इतक्याच. आणि त्यासाठी कुणाला पहाटे उठावं लागत नाही.

तीन लिटरवर यायला भाजी बेचव करायची गरज नाही. कावळी कपाटात ठेवा, तेल चमच्याने मोजून घाला. चौघांच्या भाजीला चहाच्या चमच्याने चार चमचे पुरतात. मोहरी नीट तडतडू द्या, हिंग-कढीपत्ता तेलात पडू द्या, मग झाकण ठेवून वाफेवर शिजवा. झाकणावर पाणी ठेवलं की भाजी खाली लागत नाही, हे आपल्या आज्या करतच होत्या. वांग्या-बटाट्याच्या रश्शावर तेलाचा तवंग दिसायलाच हवा असा आग्रह मात्र सोडावा लागेल.

गुरुवारच्या उपवासाबद्दल एकच. साबुदाण्याची एक भरलेली बशी, त्यात दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा, सहज चारशे कॅलरींच्या पुढे जाते, आणि प्रथिनं जेमतेम कुटातली. उपवास करायचाच असेल तर दही, ताक, फळं, राजगिरा, वरई यावर करा. खिचडी हवीच असेल तर ती एका वाटीत घ्या.

आता ज्या गोष्टीने मला तुमच्या वहीत सगळ्यात जास्त थांबवलं ती. रात्री पावणेदहाला जेवण, पावणेबाराला झोप, पहाटे सव्वापाचला गजर. साडेपाच तास. आठवड्यातले पाच दिवस. म्हणूनच शनिवारी दुपारी डोळा लागतो. २०२२ मध्ये शिकागोत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ऐंशी जणांपैकी अर्ध्यांना फक्त झोप वाढवायला मदत केली. काय खावं याबद्दल त्यांना एक शब्दही सांगितला नाही. झोप सव्वा तासाच्या आसपास वाढली, आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचं खाणं रोज सुमारे २७० कॅलरींनी कमी झालं. पुन्हा वाचा, २७०. तुमचा चालण्याचा तास दीडशे-पावणेदोनशे मिळवून देतो. त्यासाठी तुम्ही झोपेतून तो तास काढत असाल तर हा व्यवहार तोट्याचा आहे. संध्याकाळी पावणेआठला घरात शिरल्या शिरल्या चिवड्याचा डबा उघडला जातो, त्यामागे अपुरी झोप आणि चार तासांची उपासमार दोन्ही आहेत. तुमचं मन कमकुवत आहे असं काही नाही.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं. चाळिशीत मेटाबॉलिझम कोसळतो ही समजूत आता टिकत नाही. २०२१ मध्ये २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त माणसांच्या, अगदी तान्ह्या बाळापासून नव्वदीपर्यंतच्या, ऊर्जाखर्चाची आकडेवारी एकत्र तपासली गेली. शरीराचं आकारमान आणि स्नायू लक्षात घेतले तर विशीपासून साठीपर्यंत खर्च जवळपास स्थिर असतो. मात्र चाळिशीनंतर बायकांचे स्नायू वापराअभावी कमी होतात, पाळी अनियमित होते, झोप तुटते आणि चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. या प्रत्येकावर काही ना काही करता येतं. 'इलाज नाही' हे मला मान्य नाही.

मिस्टरांना सांगा, पळायची घाई नको. ७२ किलो वजनाला पळण्याचा भार गुडघ्यांवर येतो, आणि येऊरच्या चढावर जाऊन गुडघा धरून परत आलेले लोक माझ्याकडे येतात. वेग थोडा वाढवा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. त्यापेक्षा जास्त फायदा आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं ताकदीच्या व्यायामाचा होईल, आणि तो तुमच्या वहीत मुळीच नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्याचे व्यायाम, पाठीवर झोपून नितंब वर उचलणं. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते टिकवायला हा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं लागतात.

प्रथिनांचं बोलायचं तर तुमच्या दिवसाची बेरीज मी केली, चाळीस ग्रॅमही भरत नाहीत. तुम्हाला साठच्या आसपास हवीत. पोह्यांऐवजी काही दिवस मोड आलेल्या मटकीची उसळ, दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं. डब्यात दोन पोळ्यांबरोबर भाजी एकटी नको, घट्ट वरण किंवा दही असू द्या. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा नाहीतर रावस, तळलेला नको, तव्यावर. पोट भरलेलं राहतं, हा सगळ्यात उपयोगी भाग.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, पहाटे उठायचं कशासाठी. आपल्या शरीराची ठेवण समजून घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचं २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेलं चित्र प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सारखाच, २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या ९.१ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, अशी आपली ठेवण. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे सावध व्हायचं आणि २५ च्या पुढे स्थूल धरायचं. तुमचा २८.८ आहे. बायकांच्या कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर. तुम्ही कंबर मोजलेलीच नाही. सहा महिन्यांपूर्वी मापाने शिवलेला एखादा पंजाबी ड्रेस असेल तर तो घालून बघा. पोटाच्या आतली, यकृताभोवतीची चरबी नियमित व्यायामाने कमी होते, काट्यावर फारसा फरक दिसला नाही तरी.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पाचशेहून जास्त माणसांना तीन वर्षं पाहिलं. निकाल २००६ मध्ये आले. ज्यांनी आहार आणि व्यायाम बदलला त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. आणि त्यांचं वजन? सांगण्यासारखं उतरलंच नव्हतं. म्हणजे काटा हलला नाही, तरी मधुमेह लांबला. काट्याकडे बघून त्या लोकांनी चालणं सोडलं असतं तर काय गमावलं असतं हे तुम्हीच बघा. तुमच्या आईला मधुमेह आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे तुम्हाला तर हे जास्तच लागू आहे.

आता काय बदलायचं ते क्रमाने सांगते, सगळं एकदम करू नका. पहिले दोन आठवडे फक्त झोप. उपवनला शनिवार, रविवार आणि मधला एक वार जा. बाकी दिवशी सहाला उठा. त्या दिवशी सीएसएमटीवरून नरिमन पॉइंटला बस न घेता चालत जा, पंचवीस-तीस मिनिटं लागतील, आणि येताना जमलं तर तसंच. रात्री जेवणानंतर सोसायटीत दहा-पंधरा मिनिटं फिरा. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते, आणि मधुमेहाची अनुवंशिकता असेल तर त्याचं मोल मोठं आहे. चालण्याची मिनिटं होती तेवढीच राहतील, उपवनला न जाण्याच्या दिवशी मात्र पहाटे पाऊण तास झोप परत मिळेल.

नंतर संध्याकाळ. कचेरीतून निघण्याआधी, साडेपाचच्या सुमाराला मूठभर फुटाणे आणि ताक, किंवा एक उकडलेलं अंडं. लेडीज डब्यातली चिक्की आणि घरचा चिवडा, दोन्हीचा जोर तिथेच निम्मा होतो. घरी आल्यावर ताट लवकर वाढा. मुलं उशिरा जेवत असतील तर त्यांना जेवू द्या, पण तुम्ही साडेआठला जेवा. सगळे एकत्र जेवायला हवं या आग्रहाची किंमत बहुतेक घरांत आईच मोजते, आणि ती रात्री दहाला भुकेजलेल्या पोटी दीडपट जेवते.

त्यानंतर तेलाचा डबा, आणि सकाळचं मध-केळं-बदाम यांतलं एकच काहीतरी. एवढ्याने सहा महिन्यांत साडेतीन-चार किलो उतरले तर मी त्याला उत्तम म्हणेन. ऐकायला थोडं वाटेल, पण वजनाच्या पाच टक्क्यांनीही साखर, रक्तदाब आणि यकृतावरची चरबी यांत फरक दिसतो.

वजन रोज करू नका. व्यायाम सुरू केल्यावर स्नायूंमध्ये साखरेचा साठा वाढतो आणि एक ग्रॅम साठ्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलं जातं. पाळीच्या आधी पाणी साचतं. आदल्या रात्री लोणचं-पापड झालं की सकाळी काटा अर्धा किलो वर. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी, आणि महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबर.

उतरलेलं वजन टिकवायची वेळ येईल तेव्हा मात्र चालण्याचं खरं वजन कळेल. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून वर्षानुवर्षं टिकवलेल्या लोकांची नोंदवही ठेवली जाते. त्यांतले बहुतेक रोज तासाभराच्या आसपास व्यायाम करतात, आणि चालणं हा त्यातला सगळ्यात आवडता प्रकार. उतरवताना स्वयंपाकघर पुढे असतं, टिकवताना चालणं पुढे येतं. तुम्ही दुसऱ्या कामाची सवय आधीच लावून ठेवली आहे.

औषधांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या, काही मानसोपचाराची आणि फिट्सची औषधं वजन वाढवतात किंवा उतरू देत नाहीत. यातलं काही चालू असेल तर ते स्वतःहून बंद न करता ज्या डॉक्टरांनी दिलं त्यांना विचारा. ती आठवड्याला घ्यायची वजनाची इंजेक्शनं, ज्यांच्याबद्दल सध्या सगळीकडे ऐकू येतं, ती डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय नको, आणि घेतली तरी प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम टळत नाही. याच आठवड्यात रक्त तपासून घ्या: टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), हिमोग्लोबिन, ड आणि ब१२ जीवनसत्त्व. थायरॉइड कमी असेल तर थोडं वजन त्याने वाढतं, थकवा मात्र खूप येतो. घोरत असाल आणि सकाळी उठल्यावर डोकं जड असेल तर झोपेत श्वास अडकतो का हेही तपासायला सांगा. रिपोर्ट, कंबरेचं माप आणि दोन आठवड्यांच्या झोपेच्या वेळा घेऊन पुन्हा लिहा. खाण्याची वही यावेळी घरात कोणी बघणार नाही असं समजून लिहा, चाखलेलं आणि डब्यात उरलेलं सुद्धा.